हंसाच्या हातचं जाळं

केळवे, २८ ऑगस्ट १९६५

ती. वत्सलाताईस,
हंसाचा नमस्कार.

सुखाचं काही सांगायला हे पत्र नाही, ते आधीच सांगते, म्हणजे तू शेवटपर्यंत वाट बघणार नाहीस. ताई, पाड्यात मला आता कोणी जाळं विणायला सूत देत नाही.

अख्खा पावसाळा मी थोरल्या दिरांचं, दादू भावजींचं, पापलेटाचं जाळं विणत होते. ओटीवर बसायचं, समोर पाऊस, आणि सुई चालू. पाठ मोडली पण जाळ्याचं एक घर लहानमोठं झालं नाही. झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवून, सुकवून मी ते त्यांच्या हाती दिलं. नारळी पुनव झाली, बोटी गेल्या, आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी भावजी परत आले ते चिंध्यांचा गठ्ठा घेऊन. माझ्या ओटीवर टाकला आणि सगळा पाडा गोळा करून म्हणाले, "हिनं इटाळात हात लावलाय जाल्याला. दर्याला चालला नाय. बगा, एकाच फेरीत काय झालं ते!"

ताई, ते चार दिवस मी मागच्या पडवीत बसते आणि सुताकडे बघतसुद्धा नाही. हे आईनं आपल्याला कसं शिकवलंय ते तुला माहीत आहे. पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी शेजारची जमुना तिचं सूत परत घेऊन गेली. मग एकेक करत सगळ्याच आल्या. कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमचे हे म्हणतात, जाऊ दे, दादा रागानं बोलला. हे पहिल्यापासून गरीब. त्या दिवसापासून घरात धड जेवतही नाहीत. माझं दुःख त्यांना माझ्यापेक्षा जास्त झालंय.

पण मी जाऊ देणार नाही. ज्या तोंडानं त्यांनी हे म्हटलं, त्याच तोंडानं, त्याच माणसांसमोर मी ते परत घ्यायला लावीन. ते होईपर्यंत मला अन्न गोड लागायचं नाही.

तुझी,
हंसा


बोईसर, ६ सप्टेंबर १९६५

चि. हंसास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातल्या सुया फेकून दिल्या. एक पलंगाखाली गेली, अजून सापडली नाही. त्या दादूला म्हणावं, दर्याला काय चालतं आणि काय नाही ते दर्या तुझ्या कानात सांगून गेला का रे? चोराच्या उलट्या बोंबा असतात, हंसा. तू त्या चिंध्या नीट बघितल्यास का? बघ आधी. माणूस खोटं बोलेल, सूत बोलत नाही.

आणि रडत बसू नकोस. रडणाऱ्या बाईचं सगळे खरं मानतात आणि कोणी काही करत नाही.

इथलं काय सांगू? तुझ्या भावोजींचं तारापूरच्या कामावर बरं चाललंय. साहेब लोकांच्या वसाहतीतल्या एका बंगाली बाईनं मला लोकरीचं विणकाम शिकवलं, ते आता अंगवळणी पडलंय. दुसरी एक बाई मात्र माझ्याकडून स्वेटर विणून घेते आणि नाकाला पदर लावून म्हणते, याला मासळीचा वास येतो. मी हसले. नवऱ्याच्या स्वेटरचा गळा असा घट्ट विणून दिलाय की साहेबाचं डोकं आत गेलं तर बाहेर येणार नाही. तर सांगायचं म्हणजे, सूड उतावीळपणानं घ्यायचा नसतो. टाक्याटाक्यानं घ्यायचा असतो.

नामदेवला आशीर्वाद सांग. जेवत नाही म्हणतेस, त्याला जरा बोलतं कर.

तुझी,
ताई


केळवे, २० ऑक्टोबर १९६५

ती. ताईस,
हंसाचा नमस्कार.

तुझं ऐकलं आणि गठ्ठा सोडून बघितला. आता ऐक. गाठ एकही सुटलेली नाही. सगळ्या माझ्या गाठी जागच्या जागी, आणि सूत मधेच तुटलेलं, खरवडल्यासारखं. दोन ठिकाणी कालवांची कवचं अडकलेली होती. ताई, आपले लोक पुनवेनंतर जातात ते थेट खोल पाण्यात. तिथे तळाला नुसता चिखल. कालवं लागतात ती किनाऱ्याजवळच्या खडकांवर. तिथे जाळं कोण टाकेल? ज्याला खोल जाता येत नाही तो. आणि खोल कधी जाता येत नाही? पुनवेआधी, दर्या खवळलेला असताना.

भावजी नारळ वाहायच्या आधीच समुद्रात गेले होते! हावरटपणा, दुसरं काय. पावसात ताज्या मासळीला भाव येतो. माझं जाळं खडकावर फाडलं, पुनवेपर्यंत कुठेतरी लपवून ठेवलं, पहिल्या फेरीला पहाटेच्या अंधारात इतरांच्या जाळ्यांबरोबर पाण्यात सोडलं, आणि मग मला विटाळशी ठरवून मोकळे झाले. खरं सांगितलं असतं तर पाड्यानं बोट किनाऱ्याला बसवली असती. पुनवेआधी गेलेल्याला इथे कोणी पाणी विचारत नाही. म्हणून माझा बळी.

कवचं हातात घेऊन मी तशीच निघाले होते त्यांच्या दारात. ह्यांनी हात धरला. म्हणाले, "तू बाईमाणूस, तुजं कोन आयकल? दादा म्हनल, कवचं तूच लावलीस." खरंच आहे ते. मी परत फिरले. माझ्यासाठी बिचारे डोळ्यांत पाणी आणून बोलत होते.

आता उन्हं तापलीत. पाडाभर बायका जाळी दुरुस्त करत बसल्यात आणि मी रिकाम्या हातांनी बसलेय. मला झोपेतही बोटं हलवायची सवय लागलीय असं हे म्हणतात.

हंसा


बोईसर, १२ डिसेंबर १९६५

चि. हंसास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लढाईमुळे इथे जवानांसाठी स्वेटर विणायची टूम निघाली आणि मग सगळ्या बायकांना एकदम माझी आठवण झाली. वास येतो म्हणणारीसुद्धा आली. हिरवी लोकर विणून विणून डोळ्यांपुढे हिरवं दिसतंय. थंडीही यंदा बरी आहे. स्वेटर विणणारीला अंगात घालायला चोळीच, हे तू हसून सोडून दे.

शाबास तुझी! मला वाटलंच होतं. पण तुझे भावोजी म्हणतात, आणि मलाही तेच वाटतं, की बोट काही एका माणसानं पाण्यात लोटत नाही. दादूबरोबर कोण होतं? त्याला धर. मुख्य चोरापेक्षा जोडीदार लवकर फुटतो.

सोबत नायलॉनच्या सुताची एक लड पाठवतेय. पालघरच्या बाजारात मुंबईहून आलंय. म्हणतात, कुजत नाही, साल लावायला नको, आणि पाण्यात माशाला दिसतही नाही. सातपाटीकडे लोकांनी घ्यायला सुरुवात केली. तुझ्या रिकाम्या बोटांना चाळा म्हणून दिलंय.

ताई


केळवे, ९ मार्च १९६६

ती. ताईस,
हंसाचा नमस्कार.

जोडीदार कोण ते काय विचारायचं? दादू भावजींच्या बायकोचा, इंदुबाईचा, भाऊ आनंदा. भावजींच्या सावलीसारखा फिरतो. त्याला मी दोनदा आडून विचारलं, त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. उलट "मला काय म्हाईत, वहिनी" म्हणून असा भोळा चेहरा केला की खरंच वाटावं. पक्का आहे.

पण ताई, तुझ्या सुतानं माझं काम केलंय. दार लावून मी हातभर विणून बघितलं. आपली नेहमीची गाठ घातली, ओढली, बसली. दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवून ताणलं तर गाठी सरकायला लागल्या! ते सूत गुळगुळीत, काचेसारखं. कापसाच्या सुताला गाठ घट्ट धरते, याला धरत नाही. एक घर बोटभर, शेजारचं घर मूठभर. मग मी दुहेरी फेरा घेऊन गाठ घातली. ती हलली नाही. दोन दिवस भिजवली, पायानं ओढली, तरी हलली नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

आणि आता मजा बघ. परवा भावजी पालघरला जाऊन नायलॉनच्या सुताचा गठ्ठा घेऊन आले. साऱ्या पाड्यात दाखवत फिरले. इंदुबाई विणणार आहे. माझी थोरली जाऊ, जिचं जाळं कधी दोन हंगाम टिकलं नाही! मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या हातचं जालं दर्याला चालतं."

मी काय करावं असं तुला वाटतं?

हंसा


बोईसर, १८ मार्च १९६६

हंसा,

काय करावं म्हणून विचारतेस? तोंड शिवून बस. दुहेरी गाठीचं एक अक्षर बोललीस तर माझ्याशी गाठ आहे. तुझा हात त्यांना विटाळाचा ना? मग हातातली अक्कल तरी कशाला द्यायची?

हे पत्र चुलीत घाल.

ताई


केळवे, २४ जुलै १९६६

ती. ताईस,
हंसाचा नमस्कार.

पत्र चुलीत घातलं.

पाऊस आहे. समोरच्या ओटीवर इंदुबाई आणि तिच्या दोन बहिणी विणतायत. मी माझ्या ओटीवर तांदूळ निवडत बसते आणि त्यांच्या बोटांकडे बघते. एक गाठ, ओढ. एक गाठ, ओढ. ताई, मला वाटायचं सूड घेताना माणसाच्या अंगाची आग होते. तसं काही नाही. थंडाई प्यायल्यासारखं वाटतं. इतकं बरं मला वर्षभरात वाटलेलं नाही.

मधेच एकदा इंदुबाईनं मान वर करून विचारलं, "कसं जालं हाय गं, हंसा?"

मी म्हटलं, "लई झ्याक हाय, वयनी."

तुला आपल्या बोटीवरची रीत आठवत असेलच. प्रत्येक खलाशाचं आपापलं जाळं असतं, ती एकमेकांना जोडून ओळीनं पाण्यात सोडायची, आणि ज्याच्या जाळ्यात जे लागेल ते त्याचं. त्यामुळे भावजींच्या जाळ्यात काही लागलं नाही तर दुसऱ्या कोणाचं पोट मारलं जाणार नाही. ह्यांचं जाळं माझ्याच हातचं आहे, कापसाचं. बायकोच्या हातचं म्हणून पाड्यानं ह्यांना तेवढी सूट दिली. पापाचा विचार मी केलाय, म्हणून लिहिलं.

ह्यांना मात्र काहीतरी टोचतंय. परवा म्हणाले, "दादाचं जालं नीट होईल ना?" मी म्हटलं, मला काय विचारता? मग मला पालघरहून निळी साडी आणली. सणवार नाही, काही नाही. म्हणाले, तू सोसलंस म्हणून. अशा भावाला असा भाऊ कसा झाला, देव जाणे.

हंसा


बोईसर, २ ऑक्टोबर १९६६

चि. हंसास,
अनेक आशीर्वाद.

पुनव होऊन महिना उलटला आणि तुझी एक ओळ नाही. काय झालं ते लिही. मला इथे स्वेटरचे टाके मोजता येईनासे झालेत. दोनदा उसवून परत घातले. आणि हो, निळ्या साडीचं वाचून मी नामदेवबद्दल काही लिहिणार होते, पण लिहीत नाही. तू सांगशील ते खरं.

ताई


केळवे, २८ ऑक्टोबर १९६६

ताई,

झालं. जसं पाहिजे होतं तसं सगळं झालं. आता नीट वाच.

पहिल्या फेरीला दादूच्या जाळ्यात थोडी मासळी लागली. दुसऱ्या फेरीपासून घरं सरकायला लागली. पापलेटाचा हंगाम ऐन भरात, शेजारची जाळी चांदीसारखी भरून वर यायची, आणि मधे दादूचा तुकडा रिकामा, लोंबता. किनाऱ्यावर बायका आपापल्या नवऱ्याच्या जाळ्याची मासळी पाट्यांत भरायच्या आणि इंदुबाई पाटी उपडी घालून बसायची. दर्याला चालणारा हात! लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालंच, "आता कोनाचा इटाळ लागला?"

गौरी-गणपती गेले, नवरात्र आलं. शेवटी इंदुबाई माझ्या दारात आली. "हंसा, तुजा हात लाव गं. तुला म्हाईत असंल काय चुकलं ते."

मी म्हटलं, माझ्या हाताला विटाळ आहे. तो ज्यानं लावला त्यानं काढावा. देवळापुढे, सगळ्या पाड्यादेखत. जाळं कधी फाटलं आणि कुठे फाटलं ते सांगावं. मग बघू.

तीन-चार दिवस दादू आला नाही. पण हंगाम कोणासाठी थांबत नाही. दसऱ्याला बोटींची पूजा झाली, सगळे देवळापुढे होते, तेव्हा तो उभा राहिला. मान खाली. म्हणाला, "गेल्या साली मी पुनवेआदी बोट लोटली. जालं खडकावर फाटलं. हंसाची गाठ सुटली नाय. तिचा हात चोखा हाय. मी खोटं बोललू."

ताई, ते शब्द ऐकायला मी वर्षभर जगले होते. अंगावर काटा आला. आता रडावं की हसावं ते कळेना. मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं, ऐकलंत ना?

तेवढ्यात म्हातारे पंच बोलले, "एकलाच गेलतास? बोट एकल्यानं लोटलीस?"

मी आनंदाकडे बघत होते. आनंदा सरळ माझ्याकडे बघत होता, भोळ्या चेहऱ्यानं. खरंच भोळा होता तो, ताई.

दादू म्हणाला, "नामदेव व्हता."

नामदेव होता. बघ, मी नवऱ्याचं नाव लिहिलं. जीभ झडली नाही.

जाळं फाटताना तो दोरी धरून होता. त्या चिंध्या त्याच्या भावानं माझ्या ओटीवर टाकल्या तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. जमुना सूत घेऊन गेली तेव्हा तो घरात होता. मी कवचं घेऊन निघाले तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि रडला. मला वाटलं, माझ्यासाठी रडला.

पंचांनी दोघांची बोट आठवडाभर किनाऱ्याला बसवली. एवढंच.

हंसा


बोईसर, २० नोव्हेंबर १९६६

चि. हंसास,
अनेक आशीर्वाद.

नामदेव इथे आला होता. ओटीवर बसून राहिला, चहा निवून गेला तरी प्यायला नाही. मी आधी त्याला जे सुनवायचं ते सुनवलं, त्यात कसूर केली नाही. मग तो बोलला. आई मरताना थोरल्याच्या शब्दाबाहेर जाऊ नको म्हणून सांगून गेली, म्हणाला. दादा म्हणाला, चार दिवसांत लोक विसरतील. लोक विसरले नाहीत, आणि मग रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज राहून जायचं. मी म्हटलं, तुझ्या बायकोला लोकांनी वाळीत टाकलं आणि तू साड्या आणत होतास?

खरं सांगू, मला संशय आला होता. पण तू इतक्या मायेनं लिहायचीस की लेखणी उचलेना.

हंसा, त्याची दया आली म्हणून लिहीत नाही. तुझी काळजी वाटते म्हणून लिहिते. दादूचं जाळं तू उसवून दुहेरी गाठीनं परत विणून दिलंस, असं तो म्हणाला. म्हणजे शत्रूला माफ केलंस. मग नवऱ्याला का नाही? तू त्याच्याशी बोलत नाहीस, त्याचं कापसाचं जाळं तू खुंटीवरून काढून त्या जमुनाला देऊन टाकलंस. आता तो बिनजाळ्याचा खलाशी झालाय, दुसऱ्यांची जाळी ओढतो आणि मूठभर मासळी घेऊन घरी येतो, हे खरं का? किती दिवस चालणार हे? सूड घ्यावा, पण आपल्या चुलीवर घेऊ नये.

ताई


केळवे, ४ डिसेंबर १९६६

ती. ताईस,
हंसाचा नमस्कार.

सगळं खरं आहे. जमुनाचा नवरा आता त्या जाळ्यावर चांगली पापलेटं धरतो.

दादूला मी माफ केलेलं नाही. त्याचं जाळं विणलं, कारण तो बोलला. जे करायचं ठरलं होतं ते त्यानं केलं, व्यवहार संपला. तो माझा शत्रू होता आणि शत्रूसारखाच वागला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याचं तसं नाही. तो रोज माझ्या हातचं जेवला, आणि रोज मला एकटीला पुनवेआधीच्या समुद्रात सोडून दिलं.

नायलॉनची जाळी दुहेरी गाठीनं मी सगळ्यांना विणून देते. सूत ठेवायला ओटी पुरत नाही. थंडीत बोटं आखडतात, तू पाठवलेले लोकरीचे हातमोजे बोटं कापून घालते, छान झालेत. दादूच्या बोटीवर आता जेवढी जाळी ओळीनं पाण्यात पडतात तेवढी सगळी माझ्या हातची आहेत. दादूचं, आनंदाचं, सगळ्यांचं. नामदेवचं कुठलंच नाही. आणि त्याला ती सगळी ओढावी लागतात. ओढताना प्रत्येक गाठ त्याच्या हाताला लागत असेल.

तू विचारतेस, किती दिवस. मला माहीत नव्हतं, पण काल थोडं कळलं.

काल सकाळी बोटी लागल्या. मी पाटी घेऊन किनाऱ्यावर गेले. माझ्या नवऱ्याचं जाळं नाही, पाटी भरायची नाही, तरी मुद्दाम गेले. बायका आपापली मासळी उचलत होत्या, मी पाटी उपडी घालून त्यांच्यात बसले. इंदुबाईसुद्धा बघून न बघितल्यासारखं करत होती. नामदेव बोटीत उभा राहून दुसऱ्यांच्या जाळ्यांतली पापलेटं सोडवत होता.

शेवटी त्याच्यानं राहवेना. सगळ्या पाड्यासमोर, मोठ्यानं म्हणाला, "हंसा, मी चुकलू. मी तवा बोलाया पायजे हुतं. माजं जालं कवा इनशील?"

सगळ्यांचे हात थांबले. मी उठले, पाटी कमरेला घेतली आणि म्हटलं, "चारचौघांत बोलता येतं की तुला!"

मग घरी येऊन जमुनाच्या दिराचं अर्धं राहिलेलं जाळं विणायला बसले. त्याला बोलायला जितके दिवस लागले, तितके तरी त्याच्या जाळ्याला लागतील.

तुझी,
हंसा